आक्कांच्या फोटोचं माउंट

माझ्या थोरल्या नणंदेला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. त्यांनी लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच वाढवलं. औरंगाबादेत मुलींच्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि शाळेत होता तोच वचक घरात होता. निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभातला मोठा फोटो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "फ्रेम करायचीय. आत फोटोभोवती पुठ्ठ्याचं छानसं माउंट करून दे. फुलं भरपूर काढ, हात आखडू नको."

इतकी वर्षं वाट पाहिली ते आयतं चालून आलं होतं.

का, ते सांगते. फुलंब्रीहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चित्रांची गुंडाळी होती. शाळेत असताना ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झाले होते आणि चित्रकला शिक्षिकेच्या कोर्सला जायचं ठरलं होतं. नवऱ्याचीही ना नव्हती. प्रवेशासाठी चित्रं दाखवायला न्यायची, त्याच सकाळी गुंडाळी सापडेना. न्हाणीघरात बंब पेटलेला होता आणि खाली राखेत निळ्या रंगाचा एक कोपरा जळायचा राहिला होता. आक्का आरशासमोर वेणी घालत होत्या. "रद्दी समजून घातली गं," म्हणाल्या, "धूर मात्र फार झाला."

चुकलं, असं नाही म्हणाल्या. तेवढा एक शब्द मला त्यांच्या तोंडून हवा होता. तो मिळेपर्यंत काहीही विसरायचं नाही असं मी ठरवलं आणि विसरले नाही. रोज पहाटे त्यांच्या डब्याची भाकरी थापताना आठवण ताजी करून घ्यायचे. त्या शाळेत जायच्या, मी परातीशी.

गुलमंडीवरून जाड पुठ्ठा आणला. नवऱ्याच्या दाढीचं ब्लेड तिरकं धरून मधोमध फोटोच्या मापाची चौकट कापली. पुठ्ठ्यावर पातळ हिरवा रंग फिरवून तो वाळू दिला. मग ठसे केले. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं. अर्धा बटाटा सुईनं कोरून झेंडू केला. ठशाला रंग दाट लावावा लागतो, नाहीतर फूल फुटतं आणि ओघळतं. माझं एकही फुटलं नाही. हात विसरला नव्हता, आणि त्याचाही मला संतापच आला.

फुलं मी सुटी काढली नाहीत. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन माळा खाली आणल्या, झेंडू आणि पांढरी फुलं आलटून पालटून, आणि खाली जिथं त्या मिळाल्या तिथं गुलाबी गोंडा सोडला. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी आक्कांना हार घातला. घालताना जीव असा काही थंड होत होता की शेवटचं फूल उमटलं तेव्हा वाईट वाटलं.

आक्कांनी पाहिलं ते फक्त फोटोतलं आपलं तोंड. "फुलं झकास आलीत," म्हणाल्या आणि दारासमोरच्या भिंतीवर फोटो लावून घेतला. मी गालातल्या गालात हसत होते. दूधवाला आला, त्यानं फोटोकडे पाहिलं आणि हळूच हात जोडले. मी मान खाली घातली.

मग कन्नडच्या मामेसासूबाई आल्या. एसटीतून उतरून थेट घरी. उंबऱ्यातच थबकल्या, पिशवी टाकली आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! कवा गेल्या गं आक्का? कळवायचं तर व्हतं! आम्ही काय परके हाव?" आणि मोठ्यानं रडायलाच लागल्या. आक्का आतून चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. मामेसासूबाई किंचाळल्या. कप फुटला. मुख्याध्यापिकाबाई जन्मात पहिल्यांदा गावच्या बोलीत ओरडल्या, "जित्ती हाय मी, जित्ती!"

त्या दिवसासाठी मी काहीही दिलं असतं.

पाहुण्या गेल्यावर आक्कांनी फोटो खाली काढला आणि फुलांवरून बोट फिरवत गोंड्यापर्यंत आल्या. "हा हार आहे."

"व्हय."

"मुद्दाम काढलास."

"व्हय. माझी चित्रं बंबात घातलीत तुम्ही. तुम्हाला रद्दी कुठली अन् चित्र कुठलं, एवढंही कळत नव्हतं."

आक्का चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "कळत होतं. चांगली होती म्हणून तर घातली. वाईट असती तर तुला कुणी कोर्सला घेतलंच नसतं, मला काळजी नव्हती. तू मास्तरीण झाली असतीस तर मी शाळा करायची का भाकरी थापायच्या?"

त्यांना चित्रातलं काही कळत नाही, अडाणी आहे बाई, असं समजून इतक्या वर्षांत मी त्यांना थोडीशी माफी दिली होती. मला माहीतही नव्हतं की दिली होती. ती मी तिथल्या तिथं परत घेतली.

"दुसरं माउंट करून दे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मांडीवरून फोटो उचलला, खिळ्याला परत अडकवला, आणि त्या दिवसापासून आक्कांसाठी भाकरी थापली नाही.