भाभींचा हात आणि बेदाण्याची शेड

तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये मी कामाला लागले ती लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. माहेर पाटणकडचं, डोंगरातलं; इथलं ऊन आणि माणसं दोन्ही नवी. धुतलेला बेदाणा सरकत्या पट्ट्यावरून यायचा आणि आम्ही बायका दोन्ही बाजूंना बसून काड्या, काळे मणी वेचायचो. माझ्या शेजारी भाभी बसायच्या. वयानं सासूएवढ्या, पण हसणं शाळकरी पोरीचं. मला माहेरची आठवण आली की त्यांना न सांगता कळायचं. "डबा उघड गं," म्हणायच्या आणि माझ्या भाकरीवर त्यांच्या घरची चटणी ठेवायच्या. दुपारी मशीन थांबलं की शेडमध्ये नुसता गोडसर वास उरायचा, मग कुणीतरी गाणं धरायचं. तसल्या दुपारी पुन्हा कधी वाट्याला आल्या नाहीत.

पट्टा ओढणाऱ्या चेनवर पत्र्याचं झाकण होतं. बेदाणा चिकट, आत अडकायचा. दर वेळी झाकण खोलून साफ करण्यात वेळ जातो म्हणून मुकादमानं एकदा ते काढून भिंतीला टेकवलं, ते तिथंच राहिलं. त्या उघड्या चेनमध्ये भाभींचा पदर गेला. सोडवायला त्यांनी हात घातला. बटण पार दाराशी होतं. मी ओरडत पळाले, मशीन बंद केलं, तोवर उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती.

मिरजेच्या दवाखान्यात ती काढावी लागली. शेडचे मालक सफरचंदं घेऊन भेटायला आले. माणूस तसा वाईट नव्हता. दिवाळीला आमच्या पोरांना स्वतःच्या हातानं खाऊ वाटायचा. खाटेजवळ बसून म्हणाले, "भाभी, दवाखान्याचं सगळं मी बघतो. फकस्त घरात लागलं म्हणून सांगा. शेडच्या मागं लचांड नको."

भाभी म्हणाल्या, "शेठ, माझ्या घरात चूल हाय, पाटा हाय. चेन न्हाई."

सांगलीत कामगारांसाठी झटणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी समजावलं, कामावर लागलं तर भरपाई हा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. तक्रार झाली. साक्षीला माझं नाव निघालं तेव्हा घरात हे चिडले, "तू कशाला मधी पडतीस? काम जाईल."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे तिला. उद्या हिचाच हात गेला तर कोण बोलंल?"

तक्रारीची सुनावणी सांगलीच्या कामगार कचेरीत झाली. मुकादमानं सांगितलं, बाईचाच निष्काळजीपणा. साहेबांनी मला विचारलं, "चेनला झाकण होतं का?"

"व्हतं की. भिंतीला टेकवल्यालं."

पुढं बऱ्याच खेपा झाल्या, पण निकाल भाभींच्या बाजूनं लागला आणि भरपाई मिळाली. मालक सीझनभर माझ्याशी बोलले नाहीत. कामावरून मात्र काढलं नाही. पुढच्या वर्षी झाकण नटबोल्टांनी पक्कं बसलं आणि आमच्या हाताशी लाल बटण आलं.

भाभी परत आल्या, खोकी भरायला. हसणं तेच, पण उजवा हात पदराखाली. कुणी नवीन बाई आली की तो आणखी आत जायचा. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

त्याच वर्षी माझ्या नणंदेचं लग्न निघालं. हळदीला भाभी आल्या, मांडवात बायकांच्या मागं उभ्या राहिल्या. सासूबाईंनी त्यांना पुढं ओढलं. भाभींनी डावा हात पुढं केला.

"आवं, डाव्या हातानं कुणी हळद लावतंय व्हय?" म्हणत सासूबाईंनी त्यांचा उजवा हात पदराखालून काढला आणि हळदीच्या वाटीत बुडवला. भाभी नवरीच्या गालाला हळद लावताना रडत होत्या, आणि मांडवातल्या आम्ही सगळ्याच.