डावीकडे बसणारी गाडी

आमच्या गावात दाजींचं म्हणणं कुणी कधी खोडून काढलं नाही. ते बरोबर असायचे असं नाही. बहुतेक वेळा ठार चुकीचे असायचे. पण ते माझ्या ताईचे यजमान, म्हणजे गावाचे जावई, आणि जावयाला तोंडावर 'चुकताय' म्हणायची आमच्याकडे रीत नाही. भिवपुरीच्या वीजघरात जीप चालवायला घाटावरून आलेला हा माणूस निवृत्तीनंतर सासुरवाडीतच घर बांधून राहिला आणि पुढचं सगळं आयुष्य बरोबर ठरत गेला. लहानथोर सगळे त्यांना दाजीच म्हणत, पोस्टमनसुद्धा. एकदा त्यांनी आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास येतो असं जाहीर केलं. सगळ्यांनी कळशी हुंगून माना डोलावल्या आणि आईनं पुढचे कितीतरी दिवस शेजारून पाणी आणलं. नंतर कळलं की वास दाजींच्या हाताला येत होता.

अशा माणसाच्या दारात ती गाडी आली. मुंबईच्या एका शेठचा टेकडीकडे बंगला होता, त्याची देखरेख दाजी करत. शेठची परदेशी गाडी, एके काळची भारी, तिथं आंब्याखाली कंटाळून सोडून दिलेली. तिला इतर गाड्यांसारख्या स्प्रिंगा नव्हत्या. चारी चाकांवर रबराचे जाड फुगे होते आणि त्यांत हवा भरायला एक पंप. इंजिन सुरू केलं की पंप घरघरायचा आणि गाडी हत्तीसारखी उठायची. मागचा डावा फुगा चिरलेला होता, त्यामुळे इंजिन बंद केलं की हवा हळूहळू निघून जायची आणि ती डावी मांडी जमिनीला टेकून बसायची. कोंबड्यांनी आत संसार मांडला होता. शेठ म्हणाला, नेणार असाल तर न्या. दाजींनी कोंबड्यांना नोटीस दिली, गाडीला हार घातला आणि ती घरी आणली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात ताई अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. काठी घेऊन ती घरात फिरू लागली, पण पाय उचलून वर चढणं काही जमेना. पुतणीच्या लग्नाला तिला चौघांनी खुर्चीसकट टेंपोत चढवलं. तिनं तोंडावर पदर घेतला तो घरी येईपर्यंत काढला नाही. आल्यावर म्हणाली, "आता मी कुठं जायची नाय. उचलून न्यायला मी काय भाताचं पोतं हाय?" शिळफाट्याच्या बाजारात जिच्या घासाघिशीला भाजीवाल्या घाबरायच्या, ती बाई खिडकीशी बसून राहिली. आम्ही खूप समजावलं, नंतर सोडून दिलं.

गाडीच्या दुखण्याचा शोध मात्र जोरात सुरू झाला. शिळफाट्याचा रफिक मेस्त्री आला. त्यानं साबणाचं पाणी केलं, फुग्यांवर नि नळ्यांवर मारलं, आणि मागच्या डाव्या फुग्यावर भाताला उकळी आल्यासारखे बुडबुडे आले. आंधळ्यालाही दिसावं असं निदान. दाजी म्हणाले, "तिथं न्हाई. म्होरं बघ." रफिकनं बुडबुड्यांकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. त्याची आजी आमच्याच आळीतली, म्हणजे दाजी त्याचेही जावईच. तो पुढं गेला.

"दुखणं दिसतं तिथं नसतंय," हे दाजींचं लाडकं वचन. दातदुखीतसुद्धा ते गुडघ्याला तेल लावायचे. या वचनाच्या जोरावर त्यांनी रफिककडून पुढच्या नळ्या बदलून घेतल्या, गाडीची उंची मोजणारी कांडी बदलून घेतली, पंप चालू-बंद करणारा रिले बदलून घेतला. ती गाडी आता त्या एका फुग्याखेरीज नवी कोरी होती. रफिकची अवस्था बघवत नव्हती. हा फुगा असाच राहिला तर पंपाला उसंत मिळणार नाही, एक दिवस तो जळेल, असं त्यानं हात जोडून सांगितलं. दाजी म्हणाले, पंपाला दुसरं काम तरी काय आहे.

आणि मग एक दिवस ताई बाजारात दिसली. तेव्हापासून दर मंगळवारी दिसू लागली. अंगणात गाडी डावीकडे बसलेली असायची. ताई काठी टेकत मागच्या डाव्या दाराशी जायची, पाठ करून दिवाणावर बसावं तशी सीटवर बसायची, पाय आत घ्यायची. दाजी किल्ली फिरवून म्हणायचे, "उठा बाई." पंप घरघरायचा, गाडी ताईसकट उठायची आणि ओढ्यातले धोंडे ओलांडून निघायची. साधी गाडी तिथं पोट फोडून घेते.

शिळफाट्याला पोचल्यावर मात्र अजब प्रकार व्हायचा. दाजी भाजीबाजारासमोर गाडी लावून इंजिन बंद करायचे आणि दोघंही आतच बसून राहायचे. कितीतरी वेळ. ताई शेंगा सोलायची, दाजी खायचे. ही बातमी गावात आली तेव्हा वडिलांनी सगळ्या भावकीला बोलावून घेतलं. जावई भर बाजारात गाडीतून उतरत नाही, म्हणजे रुसलाय. काय कमी पडलं, कुणाचं काय चुकलं, यावर आमच्या ओटीवर चर्चा झाली आणि एक गावठी कोंबडा दाजींकडे रवाना झाला. दाजींनी तो आनंदानं खाल्ला. पुढच्या मंगळवारी पुन्हा गाडीत बसून राहिले. दुसरा कोंबडा गेला. आम्ही कोंबड्यांवर कोंबडे पाठवले, पण गाडी बसली की ताई उतरते, एवढं कुणी पाहिलं नाही.

मग अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, अनारसे द्यायचे, आणि जावयानं ते नाकारायचं नाही. माझ्या थोरल्या भावाला, वसंतदादाला, वाटलं की यंदा गाडीच दुरुस्त करून वाण म्हणून द्यावी आणि दाजींचा रुसवा कायमचा काढावा. गाडी धुवायला म्हणून नेली आणि रफिककडून तो डावा फुगा बदलून आणला. आनंदाच्या भरात रफिक जेवायलासुद्धा थांबला नाही. हार घातलेली गाडी दाजींच्या अंगणात आली, बॉनेटवर अनारशांचं ताट. इंजिन बंद केलं. सगळं घर तिच्याभोवती उभं राहिलं आणि तिच्या बसण्याची वाट पाहू लागलं. वडिलांनी खुर्ची मागवली. चहा झाला. गाडी बसली नाही. टाळ्या वाजल्या.

दाजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. डाव्या अंगाला हात ठेवून जरा दाबून पाहिलं. "झ्याक झालं," म्हणाले आणि अनारसा तोंडात टाकला. तेवढ्यात ताई बाहेर आली. मंगळवार होता, ती बाजाराचं लुगडं नेसून पिशवी घेऊन आलेली. दाराशी उभी राहिली. सीट तिच्या कमरेच्या वर येत होती. वसंतदादा म्हणाला, थांब ताई, आम्ही उचलून बसवतो. ती वळली, आत गेली, पिशवी खुंटीला टांगली. आम्हाला वाटलं, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी दाजींनी वसंतदादाला, मला आणि चुलतभावाला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. जावयानं बस म्हटलं की बसायचं. वर मांडीवर तांदळाचं एक पोतंही दिलं. गाडी किंचित दबली. मग किल्ली फिरवताच तो उसंत मिळालेला पंप घरघरला आणि आम्हा तिघांना पोत्यासकट उचलून होतो तिथं आणून ठेवलं. दाजींनी आणखी एक पोतं आणलं. पुन्हा तेच. शेवटी दोन पोत्यांआडून वसंतदादानं विचारलं की दाजी, आपण नक्की काय करतोय?

दाजी चाकाकडे बघत म्हणाले, "हिला चढता येत न्हाई, आन उचललेलं चालत न्हाई. गाडी बसायची, तवा ही बसायची."

ओटीवरून वडील म्हणाले, "मग आधी का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुमी उचलायला आला असता."

हे त्यांच्या तोंडून आलेलं पहिलंच अचूक वाक्य असावं. मला तिथंच, पोतं मांडीवर घेऊन, रडू आलं.

रफिकला सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला. फाटका फुगा त्यानं गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरचीसारखा टांगला होता. चांगला काढून फाटका घालायचा, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यानं शटर ओढून ते काम केलं आणि आम्हाला शपथ घातली की हे शिळफाट्यावर कुणाला कळता कामा नये. धोंड्याचा महिना संपला नव्हता, म्हणून आईनं गाडीच्या डाव्या चाकाला ओवाळलं आणि दाजींना पुन्हा अनारसे दिले. वडिलांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की दाजी पहिल्यापासून बरोबर होते, डावीकडं काही बिघाड नव्हताच. आम्ही माना डोलावल्या, आणि त्या वेळी खरंच मनापासून.

पुढं कितीतरी मंगळवार ती गाडी बसली आणि उठली. गेल्या थंडीत दाजी गेले. कुणाला त्रास न देता, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मागोमाग पंपही जळला, रफिकनं सांगितलं होतं तसा. आता ती गाडी अंगणात चारी फुग्यांवर बसून असते आणि कोंबड्या परत आल्या आहेत.

ताई पुन्हा खिडकीशी बसेल असं मला वाटलं होतं. पण एका मंगळवारी तिनं स्वतःच पिशवी खुंटीवरून काढली आणि म्हणाली, ने मला शिळफाट्याला. माझी गाडी साधी, स्प्रिंगांची. ओढ्याला मोठा वळसा घालून न्यावी लागते. मी विचारलं, उचलू का? तिनं हात माझ्या गळ्यात टाकला. तोंडावर पदर घेतला नाही.

भाजीबाजारासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि तिला उतरवायला मी दार उघडू लागलो.

"थांब रं," ताई म्हणाली. "बसू दे तिला."

माझी गाडी सात जन्मांत बसणार नाही. मी दार परत लावून घेतलं. ताईनं पिशवीतून शेंगा काढल्या, सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले, आणि आम्ही खात बसलो.