कठडा उजवीकडे होता

गेल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे बुडापेस्टला आले, तेव्हा सई आणि अर्णव, तुम्हा दोघांना वाटलं की आजी सुट्टीला आली आहे. खरं सांगायचं तर मला तिथे आणलं होतं, आणि रत्नागिरीला परत जाता येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तेव्हा तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही. आता मी माझ्या घरात बसून निवांत लिहिते आहे. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

त्याआधी इथल्या न्हाणीघरात मी घसरून पडले होते. उजव्या खांद्याचं हाड जुळलं, पण हात कानाच्या वर जाईना. वेणी घालता येईना, पाठीवर पाणी घेता येईना. तुमच्या बाबांचं म्हणणं सरळ होतं. आंघोळीला मदत करायला बाई ठेव आणि खुशाल आपल्या घरी राहा. बाई नको असेल तर आमच्याजवळ राहा. मला दोन्ही नको होतं. घराचा ओटा, समोरचं आंब्याचं झाड, माझी कपाटं, सगळं जिथल्या तिथे माझी वाट पाहत होतं. पण परक्या बाईपुढे स्टुलावर बसून आंघोळ करून घ्यायची, या विचारानेच अंगावर काटा येई. बाळंतपणात आंघोळ घालायला बाई यायची, तिलाही मी पाठ चोळून झाली की बाहेर काढत असे.

तुमच्या घरी मी दार लावून डाव्या हाताने कशीबशी आंघोळ उरकायची. त्याला फार वेळ लागे.

“हिची आंघोळ होईपर्यंत हापूसचा सीझन संपेल,” तुमचे बाबा बाहेरून म्हणायचे.

“आई, मी येऊ का आत?” तुमची आई विचारायची.

“नको गं रेवती. तू तुझी मीटिंग कर, मी माझी आंघोळ करते.”

हसण्यावारी न्यायचे मी, पण मनातून घाबरले होते. येताना डबीत घालून माझा पितळेचा बाळकृष्ण आणला होता. वाटीत बसवून त्याला आंघोळ घालताना मी रोज एकच मागत असे, की मला घरी ने. कसं न्यायचं तेही मीच ठरवून दिलं होतं. खांदा बरा कर, म्हणजे बाईचा प्रश्नच उरणार नाही. खांदा काही बरा होईना. इतकी वर्षं मी ज्याच्याशी बोलत आले तो ऐकतो तरी का, असं पहिल्यांदाच मनात आलं, आणि त्या विचाराने पडण्यापेक्षाही जास्त लागलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गरम पाण्यात हात हलवायला सांगितलं होतं. तुमच्या गावात त्याची काय वाण! जमिनीतून गरम पाणी येतं, आपल्या राजवाडीच्या कुंडासारखं, आणि त्यावर जुनी घुमटाची स्नानगृहं बांधलेली. एका मंगळवारी आपण सगळे गेलो. तुम्ही आईबरोबर पलीकडच्या पोहण्याच्या तलावात गेलात. जुन्या भागात त्या दिवशी फक्त बायका होत्या. रेवतीने आणलेला लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मी घातला होता आणि वरून आपला पंचा गुंडाळला होता.

“आई, जमेल ना एकट्यानं?” तिने दारात विचारलं.

“न जमायला काय झालं?” मी म्हटलं.

आत अंधुक उजेड होता. गंधकाचा वास, वाफ, आणि घुमटाला घुमणारं बायकांचं बोलणं. पाण्यात उतरायला ओल्या दगडाच्या पायऱ्या होत्या, आणि कठडा फक्त उजव्या हाताला. माझा उजवा हात त्याला धरू शकत होता, पण भार घेऊ शकत नव्हता. उलटं वळून उतरावं, तर पाय कुठे पडतो ते दिसेना. मी तिथेच उभी राहिले. बायका बाजूने खाली जात होत्या, वर येत होत्या. आता इथे पडले तर रत्नागिरी कायमची संपली, हे मला स्वच्छ दिसत होतं. मागे फिरायचं म्हटलं तरी पाय उचलेना. मी देवाचं नाव घेतलं. या वेळी मात्र पुढचं काहीच सुचवलं नाही. नुसतं म्हटलं, “बघ बाबा.”

तेवढ्यात कोणीतरी कोपराला हात लावला. माझ्याहून थकलेल्या एक बाई होत्या, डोक्याला फुलाफुलांची रबरी टोपी. त्या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मी चटकन इंग्रजीत, नको, माझं मला जमेल, असं म्हटलं. जन्मभर हेच वाक्य मी निरनिराळ्या लोकांना सांगत आले आहे. त्या बाईंना इंग्रजी येत नसावं. त्या हसल्या, माझ्या पुढे जाऊन दोन पायऱ्या खाली उलट्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले. दाभोळच्या धक्क्यावर होडीतून उतरणाऱ्याला खालचा माणूस हात देतो ना, तसे.

मी पंचा कठड्यावर टाकला आणि हात दिले. त्या एकेक पायरी मागे सरकत गेल्या आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत उतरत गेले. गरम पाणी गळ्यापर्यंत आलं. त्यांनी माझा उजवा हात पाण्यावर ठेवला, तो आपोआप तरंगला. मग एक हात पाठीला टेकवून दुसऱ्या हाताच्या ओंजळीने त्या माझ्या मानेवर, खांद्यावर पाणी सोडू लागल्या. अगदी सावकाश.

तो स्पर्श ओळखीचा वाटला, आणि कुठला ते कळलं तेव्हा मला रडूच कोसळलं. मी बाळकृष्णाला अशीच आंघोळ घालते. एक बोट पाठीला, एका हाताने पाणी. तो रोज माझ्या हातात निमूट बसतो. त्याला काय कमी आहे? तरी तो माझ्यावर सोपवून बसतो. मला मात्र तसं बसता येत नव्हतं.

त्या बाईंना माझ्या रडण्याचं नवल वाटलं नाही. गालावर थोपटून “यो, यो” म्हणत राहिल्या. छान, छान, असा त्याचा अर्थ, हे रेवतीने मागाहून सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी मला तसंच वर आणलं, पंचा खांद्यावर टाकला आणि हात हलवून निघून गेल्या. देवाने त्यांना पाठवलं, की त्या आपल्या नेहमीच्या आंघोळीला आल्या होत्या? दोन्ही खरं असायला काय हरकत आहे? मी त्याचा काथ्याकूट करत नाही.

जेवताना मी तुमच्या बाबांना म्हटलं, “तिकडे एखादी बाई बघायला सांग. आणि माझं तिकीट काढ.”

“म्हणजे खांदा मोकळा झाला?”

“नाही रे. तिकीट काढ.”

तर आता पावसकडची सुलभा रोज सकाळी येते. पहिल्या दिवशी मी अवघडून बसले होते. ती म्हणाली, “आजी, डोळं झाका बगू. साबान गेला तर माज्या नावान शिमगा कराल.” मी हसले आणि डोळे मिटले. एवढ्या जड वाटणाऱ्या गोष्टीचा शेवट इतका साधा होता. हात अजून कानाच्या वर जात नाही. पण मी मागितलं होतं ते घर मला मिळालं. मी आखून दिलेली वाट तेवढी त्याने घेतली नाही. त्याला माझ्यापेक्षा बरी वाट ठाऊक होती, हे आता पटलं आहे, आणि पटल्यापासून फार हलकं वाटतं.

मागच्या आठवड्यात सुलभा भाचीच्या लग्नाला गेली. मी ओट्यावर आले आणि चिऱ्याच्या गडग्यापलीकडे शेजारच्या मंदाला स्वतःहून हाक मारली.

“मंदा, जरा येतेस का गं? माझी आंघोळ व्हायची आहे.”

“आले काकू! भाताखालचा गॅस बारीक करते नि येते.”

मी आत जाऊन स्टूल मांडलं आणि तिची वाट पाहत बसले.