बाबांच्या पंच्याहत्तरीच्या व्हिडिओतून काय काय काढायचे

यादी केल्याने कुणाचं वाईट होत नाही, असं मी गेल्या वर्षीपर्यंत मानत होते.

माझे सासरे, म्हणजे बाबा, पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते. वाशिमला आमच्याच घरी रविवारी कार्यक्रम ठरला. बाबांची इच्छा एकच. तिन्ही लेकरं एका पंगतीत जेवायला बसलेली पाहायची. इच्छा साधी, अडचण माझी नणंद. रिसोडच्या आक्का चार वर्षं आमच्या घरी आल्या नव्हत्या, बाबांशी बोललेल्याही नव्हत्या. आमच्या गृहप्रवेशाच्या पत्रिकेत त्यांचं नाव राहून गेलं होतं, आणि बाबा म्हणाले होते, "राह्यलं तं राह्यलं." (पत्रिकेतल्या नावांची यादी कोणी केली होती, हा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे.)

बऱ्याच विनवण्यांनंतर आक्का म्हणाल्या, "यायचं का नाई ते पाहीन." पण शुभेच्छांचा व्हिडिओ मात्र त्यांनी पाठवला. नऊ मिनिटांचा!

हे शुभेच्छांचं खातं माझ्याकडे होतं. सगळ्या नातेवाइकांनी मोबाइलवर बोलून पाठवायचं आणि मी ते जोडून एक छान फिल्म करायची. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सामानाची यादी ठेवते. परीक्षानळ्या सांभाळणाऱ्या बाईला व्हिडिओ कापणं काय अवघड? इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं: कापायचं संकेतस्थळ, फुकट सनई, फुकट अक्षरं, उडणारी फुलं, आणि हे सगळं शिकवणारे वीस पाठ. मी नवी वही केली. रोज एक पाठ, पुढे बरोबरची खूण. फक्त अकरावा पाठ, "लिंक देताना घ्यायची काळजी", मला फालतू वाटला. त्यापुढे मी "नंतर" असं लिहिलं.

त्या संकेतस्थळाची एक सोय मला फार आवडली. व्हिडिओ चालू असताना कुठल्याही सेकंदाला टीप चिकटवता येते! म्हणजे यादीच, पण चालती-बोलती. मी सुटलेच. माझ्या टिपा अशा:

"आक्का. गुडघ्याचं ऑपरेशन पूर्ण काढणे. 'नमस्कार बाबा' एवढंच ठेवणे."

"जावईबापू बनियनवर. गळ्यापासून वर ठेवणे."

"आमचे हे. चेहऱ्यावर कंटाळा. चेहरा काढून आवाज ठेवणे."

"माधुरी. मागे ओट्यावर माझा कुकर!! मोठा करून पाहणे."

(जावईबापू म्हणजे आक्कांचे यजमान. माधुरी ही माझी धाकटी जाऊ, राहते जऊळक्याला. कुकर दिवाळीपासून सापडत नव्हता.)

शनिवारी दुपारी वहीतलं पुढचं काम होतं, "सर्वांना दाखवून सूचना घेणे". बाबांना वगळून केलेल्या अकरा जणांच्या ग्रुपवर मी लिंक टाकली आणि चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत माधुरीचा फोन.

"ताई, व्हिडिओ लय मस्त झाला. पन हे बाजूले काय लिहून राह्यलं?"

"कुठं बाजूले?"

"हे पाहा ना. 'माझा कुकर, दोन उद्गारचिन्हं.'"

माझ्या हातातली गाळणी चहात पडली. संकेतस्थळ दोन लिंक देतं, एक पाहायची आणि एक कामाची. मी कामाची दिली होती!

"माधुरी, ते बंद कर! पुढं पाहू नको!"

"काहून? पुढं अजून काय हाय?" असं म्हणून तिने फोन ठेवला. पुढचं पाहायलाच ठेवला, हे उघड होतं.

मी धावत मोबाइल घेतला. ग्रुपवरची लिंक दाबून धरली. "सर्वांसाठी हटवा" आणि "माझ्यासाठी हटवा" हे दोन पर्याय एकाखाली एक का ठेवतात, हे मला ते बनवणाऱ्यांना एकदा विचारायचं आहे. घाईत माझा अंगठा खालच्या पर्यायावर पडला. आता ती लिंक माझ्याशिवाय सगळ्यांकडे होती!

संगणकावर पाहते तर कोपऱ्यात आकडा: सध्या सहा जण पाहत आहेत. नावं नाहीत; नुसते "पाहुणा एक", "पाहुणा दोन". आणि पाहुणे नुसते पाहत नव्हते. पाहुण्यांनाही टिपा लिहिता येत होत्या!

पाहुणा तीनने लिहिलं, "बनियन नवं होतं." पाहुणा एकने लिहिलं, "कुकर मीनं मांगून नेला होता, चोरला नाही." मी एक टीप पुसेपर्यंत तीन नव्या उगवत. तेवढ्यात आमचे हे मोबाइल बघत बाहेरून आले. जगातला सगळा कंटाळा त्यांच्या चेहऱ्यावर जमला होता.

"चेहरा काढून आवाज ठेवणे?" ते म्हणाले. "वीस वर्षांत तुनं आवाज तरी कधी ठेवू देला?"

"ते सोडा! आक्कांनी पाह्यलं का ते सांगा!"

यांचा चेहरा एकदम उतरला. यांनी रिसोडला फोन लावला. आक्कांनी उचलला नाही. पुन्हा लावला. फोन व्यस्त. अर्ध्या तासाने पुन्हा लावला, तरी व्यस्त.

"आक्का एवढा वेळ कोनाशी बोलत असंल?"

"साऱ्या रिसोडाले सांगत असंल," हे म्हणाले. "आता ते काय येत नाई. बाबाले तूच सांगजो."

पंगतीची पानं मोजून आणली होती, यादीत आक्कांचं पान बाबांच्या शेजारी लिहिलं होतं. वही उघडून मी त्या ओळीकडे नुसती बघत बसले. खोडायची हिंमत होईना.

शेवटी मी अकरावा पाठ उघडला. पहिल्याच मिनिटाला त्या शिकवणाऱ्या बाईंनी हसत सांगितलं की लिंक एका बटणाने बंद होते. मी बटण शोधलं, आणि दाबणार तेवढ्यात आकड्यावर नजर गेली. ग्रुपमध्ये मी सोडून अकरा जण. आणि पडद्यावर आला होता "पाहुणा बारा"!

हा बारावा कोण? मी दोनदा मोजलं. (मी मोजण्यात चुकत नाही.) पाहुणा बारा सावकाश व्हिडिओ पाहत होता. आक्कांच्या गुडघ्यापाशी थांबला. मागे गेला. पुन्हा पाहिलं. मग माझ्या "पूर्ण काढणे"खाली एकेक अक्षर उमटलं:

"काहून काढता? राहू द्या. मले मालूम नोतं."

मी वळून पाहिलं. पुढच्या खोलीत खुर्चीवर बाबा मोबाइल नाकाला लावून बसले होते.

"बाबा," मी दारातूनच विचारलं, "तुमाले हे कोनं पाठवलं?"

"आक्कीनं," बाबा मान वर न करता म्हणाले. "'पाहा तुमची सून मले कशी काटून राह्यली' म्हने. मंग मीनंच फोन लावला तिले. मागं आंगनात जाऊन पाऊन घंटा बोललो. पोरीचं एवढं मोठं ऑपरेशन झालं, अन मले कोनी सांगितलं नाई." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला. "उद्या सकाळच्या पह्यल्या गाडीनं येतो म्हने."

चार वर्षं आम्ही सगळ्यांनी केलेल्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते माझ्या एका आगाऊ टिपेने केलं होतं. याबद्दल माझे आभार कुणीही मानले नाहीत.

रविवारी आक्का काठी टेकत आल्या. मी पाया पडायला वाकले.

"उठ वो माय," आक्का म्हणाल्या, "नाई तं मलेच काढशीन इथून!"

माधुरी कुकर घेऊन आली. लख्ख घासलेला, पण शिट्टी नव्हती. विचारलं तर म्हणे, "ताई, शिट्टीचं तुमच्या टिपेत नोतं."

तिन्ही लेकरं एका पंगतीत बसली. आक्का बाबांच्या शेजारी, यादीप्रमाणे. बाबांनी आपल्या पानातला अर्धा लाडू लेकीच्या पानात ठेवला.

जेवणानंतर भिंतीवर फिल्म लावली. गुडघा पूर्ण नऊ मिनिटं ठेवला होता. जावईबापू बनियनसह, आमचे हे चेहऱ्यासह. पाहुणा बाराच्या सगळ्या सूचना मी आदल्या दिवशीच अमलात आणून पुढे बरोबरची खूण केली होती.

त्यातली एक माझ्याबद्दल होती. माझ्या शुभेच्छा मी वहीत पाहून वाचल्या होत्या, साडेतीन मिनिटं. त्याखाली बाबांनी लिहिलं होतं, "सूनबाईचं पह्यलं वाक्य ठेवा. बाकी काढा."

त्यामुळे साऱ्या गोतावळ्यासमोर मी भिंतीवर आले, वही उघडली, चष्मा सावरला आणि म्हणाले, "नमस्कार बाबा, मला एकूण सात मुद्दे मांडायचे आहेत."

आणि लगेच आक्कांचा गुडघा सुरू झाला.