रिकाम्या ढोलीतली इटली

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. ज्या एका गाण्यामुळे वडशापासून मुलचेऱ्यापर्यंत लोक मला 'संगीतकार मास्तर' म्हणतात, त्या गाण्याची चाल माझी नाही. ती इटलीची आहे. आणि इटली मला भेटली ब्रह्मपुरीत, पत्रूभाऊंच्या घरी, धान साठवायच्या ढोलीत.

लिहून टाकलं एकदाचं. आता पत्रूभाऊंबद्दल सांगतो. चूक माझी असली तरी गोष्ट त्यांची आहे.

पत्रूभाऊ जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात. आमच्या शाळेची पाण्याची मोटार जळली तेव्हा ती स्कूटरवर बांधून मी त्यांच्या दारात नेली. ओसरीवर कुणीच नव्हतं, पण आतल्या खोलीतून चर्चमधल्यासारखा ऑर्गन वाजत होता. मी डोकावलो. खोलीत बांबूची, शेणमातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची ढोली उभी. आवाज त्या ढोलीतूनच येत होता. समोर आमच्या आरमोरी रस्त्यावरचा जीपवाला शालीकराम, उतारावरही ब्रेक न लावणारा, मांडी घालून परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. आणि बाजूच्या खुर्चीत, फिरत्या रेकॉर्डशेजारी, पांढऱ्या केसांचा एक लांबलचक माणूस गाणं सोडून शालीकरामच्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी तोंड उघडणार तोच त्यानं हात वर केला.

"बाजू पलटेपर्यंत बोलाचं नाई गा. मोटार जळली ना? ते का आता पयून जाते?"

मी बसलो. पत्रूभाऊंची माझी ओळख ही अशी, गप्प बसण्यानं झाली.

तरुणपणी भाऊ मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होते. भाताच्या बांध्यांतून उठून हा माणूस समुद्रावर कसा गेला, असं विचारलं की म्हणत, "बाबासायबानं सांगतलं गाव सोडा. मी जरा जास्तच सोडलं." एकदा त्यांचं जहाज इटलीच्या एका बंदरात दुरुस्तीला अडकलं आणि अडकूनच राहिलं. थंडी मी म्हणत होती. ऊब मिळावी म्हणून भाऊ एका रेकॉर्डच्या दुकानात शिरले. दुकानाची मालकीण म्हातारी, तिला इंग्रजी येईना, भाऊंना इटालियन येईना. तिनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, एक रेकॉर्ड लावली आणि स्टूल पुढे सरकवलं. एक बाजू संपल्यावर भाऊ उठायला लागले तर तिनं खांद्याला धरून परत बसवलं. मग रोज तेच. जहाज सुटलं तेव्हा भाऊंच्या पेटीत कपडे कमी आणि रेकॉर्डी जास्त होत्या.

"लोकायनं जहाजावून सोनं आणलं," रेकॉर्डींना थाळ्या ठरवून वहिनी अजून ऐकवतात, "यायनं थाया आणल्या. त्याच्यात जेवताबी येत नाई."

रेकॉर्डवरची नावं भाऊंना कधी वाचता आली नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली. एकीत पियानो आणि ऑर्गन असे काही एकमेकांवर धावून जातात की ती झाली 'भांडणवाली'. एकीत बासरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एखाद्या वांड पोरीसारखी हुंदडते, ती 'बकरीवाली'. एक गायक नाटकातल्या राजासारखा छाती फुगवून गातो आणि मधेच लेकराला झोपवावं इतका हळू येतो, ती 'राजा घरी आला'. शालीकरामला लावलेली होती 'घाटवाली'. "हे वाजवणारे पोट्टे," भाऊ त्याला समजावत होते, "जोर लावाच्या आधी कसे थांबतेत, पाह्यलं? तू थांबतं का कधी?" शालीकराम म्हणाला, "भाऊ, मायी जीप ढोलीत नाई चालत, रोडवर चालते." पण त्या महिन्यात त्यानं ब्रेकचे लायनर बदलले. गाण्यामुळे की पोलिसांमुळे, देव जाणे.

सत्तरच्या दशकातल्या त्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी मोबाइलवर कळलं. आता तर इटलीच्या अशा रेकॉर्डींच्या याद्याच मिळतात: हमखास ऐकाव्यात अशा इतक्या, सुरुवात कुठून करावी, आधी कोणती, मग कोणती. मी मोठ्या कौतुकानं भाऊंना एक यादी दाखवली. मुखपृष्ठांवरून त्यांना आपल्या तीन-चार ओळखू आल्या. 'बकरीवाली' पार खाली होती. भाऊंनी मोबाइल परत दिला.

"यादी किराण्याची असते, मास्तर. गाणं माणूस पाहून सांगा लागते. ज्याची बायको माहेरी गेली त्याले भांडणवाली लावशीन तं तो रडन. अन् जिची सासू घरी आली तिले लाव, ते हासन."

शिवाय यादीला ढोली कुठे ठाऊक असते? स्पीकर ढोलीत ठेवायची युक्ती भाऊंची स्वतःची. रिकाम्या ढोलीत आवाज गोल होतो, पोटातून येतो. दिवाळीनंतर धान भरलं की तोच आवाज बसका होतो, जणू गायकानं कांबळं पांघरलंय. म्हणून भाऊंचं सगळं वेळापत्रक पिकावर. धान आलं की बासरीच्या हलक्या रेकॉर्डी, ढोलीच्या बाहेर, छोट्या स्पीकरवर. ऑर्गनच्या जड रेकॉर्डी धान सरल्यावर. "आमच्याकडे उपासमार झाली तं गाणं भारी ऐकू येते," असं म्हणून स्वतःच खोखो हसायचे.

मला त्यांनी पहिल्या दिवशी काहीच लावलं नाही. "तुयी रेकॉर्ड अजून समजून नाई राह्यली," म्हणाले. मोटार घ्यायला गेलो तेव्हाही नाही. मी शिक्षक, आणि हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवतो, हे कळल्यावर मात्र त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग तुले 'परतीची'. पण ढोली खाली होऊ दे."

"परतीची का म्हणता, भाऊ?"

"ते दुसऱ्या बाजूले समजते."

ढोली रिकामी झाली नेमकं त्याच दिवसांत सगळं माझ्या गळ्याशी आलं होतं. पुढल्या हंगामाच्या नाटकाला मी पहिल्यांदाच स्वतंत्र संगीत देणार होतो. नाटकात मुलगी घर सोडून जाते, तिथे गाणं हवं. दिग्दर्शक रोज फोन करी, "मास्तर, झालं का?" मी म्हणे, "होत आलं." होत काहीच नव्हतं. पेटीवर बोटं ठेवली की दुसऱ्याच कुणाचं तरी जुनं गाणं वाजे.

अशाच एका दुपारी भाऊंनी 'परतीची' लावली. सुरुवातीला नुसता ऑर्गन, लांबून गाडी येताना दिसावी तसा. मग बासरी. आणि मग त्या दोघांनी मिळून एक ओळ म्हटली. ओळ पुन्हा आली, आणि माझ्या डोक्यात तिच्यावर शब्द बसायला लागले. मराठी शब्द. मुलगी उंबऱ्यावर उभी आहे, मागे वळून पाहते आहे.

बाजू संपली. भाऊ रेकॉर्ड पलटायला उठले. मी म्हणालो, "भाऊ, शाळेत मीटिंग आहे."

"आता? दुसरी बाजू बाकी आहे ना गा!"

"मग येतो."

चाल सांडू नये म्हणून मी घरापर्यंत तोंड मिटून गुणगुणत गेलो. रस्त्यात दोघांनी नमस्कार केला, त्यांना उत्तरही दिलं नाही.

तालमीत तबलजी उड्या मारायला लागला. "रूपकात बांधली मास्तरनं! सात मात्रा! मास्तर, तुमच्यात इतकं असन असं नव्हतं वाटलं." मी मान खाली घातली. लोकांनी तो विनय समजला. खरं सांगायची जागा तीच होती, आणि मी तिथे चहा मागवला.

गाणं चाललं. चाललं म्हणजे गावोगाव वन्स मोर. मग ते लग्नाच्या बँडवाल्यांनी उचललं. सात मात्रांवर वरातीत नाचायचं कसं? नाचणारे दर वेळी एका पावलाला अडखळायचे. पुढे ते अडखळणंच नाचाची तऱ्हा झाली. आजही आमच्याकडच्या वरातीत सगळे एकदम अर्धं पाऊल खाली ठेचकाळून पुढे जाताना दिसले तर समजावं, इटली चालली आहे.

ब्रह्मपुरीच्या प्रयोगाला भाऊ पुढच्याच रांगेत होते, वहिनींसकट. गाणं सुरू झालं तशी मला पेटीवरून नजर वर करवेना. गाणं संपल्यावर पहिली आरोळी आली ती ओळखीच्या आवाजात: "वन्स मोर!" पत्रूभाऊ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी बाजारात भेटले. वांगी निवडत होते. मी म्हटलं, आता काढतात विषय. ते म्हणाले, "मास्तर, दुसरी बाजू राह्यली ना तुयी." बस. आणि वांग्याचं देठ दाबून पाहू लागले.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जायचो ते ढोली भरलेली असताना. नवं धान आलं की भेटायला, संक्रांतीला तिळगूळ द्यायला. 'परतीची' ही रिकाम्या ढोलीचीच रेकॉर्ड, भरल्या ढोलीत भाऊ ती लावणार नाहीत, हा माझा हिशोब. इतर रेकॉर्डी ऐकल्या. भांडणवाली ऐकून वहिनींबरोबर हसलो. भाऊंनी कधी आडून टोमणा मारला नाही. मारला असता तर सोपं गेलं असतं.

एकदा फक्त वहिनी बोलल्या. जेवायला बसलो होतो. भाजी वाढता वाढता अगदी सहज म्हणाल्या, "मास्तर, तुमचं ते नाटकातलं गाणं यायच्या थायीतल्यावानीच लागते. पण थायीत ते शेवटी वापस येते ना, पोरगी घरी आल्यावानी? तुमच्यात नाई येत. काऊन?"

भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाले, "मास्तरनं दुसरी बाजू नाई ऐकली अजून. त्याले भाजी वाढ."

म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. पहिल्या आरोळीपासून. आणि त्यांच्या लेखी माझा अपराध चाल उचलण्याचा नव्हताच. ओळीतली मुलगी घराबाहेर काढून मी तिला तिथेच सोडून आलो होतो, हे त्यांना खटकत होतं. सारी झाडीपट्टी तिच्या जाण्यावर रडते, नाचते, अडखळते. ती परत येते, हे कुणालाच माहीत नाही.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. भाजी छान झाली आहे, असं म्हणालो.

आता भाऊंचे कान गेले. इंजिनखोलीनं अर्धे नेले होते, उरलेले वयानं. मशीन लावलं तर शिट्ट्या वाजतात म्हणून काढून ठेवतात. रेकॉर्डी बंद होतील असं मला वाटलं होतं. उलट झालं. भाऊ आता ढोलीला तळहात टेकवून बसतात आणि आलेल्याचं तोंड वाचतात. परवा गेलो तर शालीकराम बसला होता, जाड झालेला, जीप विकून शेती करणारा. भाऊ त्याच्या चेहऱ्यावर नजर लावून होते आणि बरोबर जागेवर मान डोलावत होते.

"कसं समजते, भाऊ?" मी ओरडून विचारलं.

"याच्या तोंडावर सारं वाजून राह्यलं ना!" ते त्याहून मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ढोली खाली आहे, मास्तर. बसतं?"

मी म्हणालो, "शाळेत मीटिंग आहे." त्यांना ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं. रविवार होता. भाऊ हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

हळूच कानात सांगून टाकायचं, असं मी इतकी वर्षं मनाशी घोकत आलो. आता तीही सोय उरली नाही. पत्रूभाऊंना काही सांगायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं. मला वाटतं, हे बरंच झालं. हे लिहून आवाज मोकळा करून घेतो आहे, एवढंच.

माझं देणं असं आहे. भाऊंच्या दारात उभं राहून ओरडून सांगायचं की ती चाल तुमच्या ढोलीतली आहे. मग भाऊंसमोर, त्यांना माझं तोंड नीट दिसेल असं बसून, 'परतीची'ची दुसरी बाजू ऐकायची. आणि येत्या हंगामात पेटीवर बसण्याआधी, ती चाल कुठून आली ते माइकवरून सांगून, त्या मुलीला घरी आणायचं. यातलं एकही अजून केलेलं नाही. ढोली दिवाळीपर्यंत रिकामी आहे.