पंखाचा पीळ

“उसवायचं की, त्यात काय,” असे म्हणून माझे शेजारी चष्मा कपाळावर सरकवत आणि चुकलेला भाग खरोखरच सुटा करू लागत. आमच्या गल्लीतल्या, एकेकाळी यंत्रमाग चालत असलेल्या शेडमध्ये त्यांनी एका माणसापुरते विमान बांधायला घेतले होते. मागांची दुरुस्ती करण्यात त्यांचे आयुष्य गेले; मी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला. मोजमापांसाठी ते मला बोलावत.

वाचकहो, अशा विमानाचा पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर कापड. कापडावर उग्र वासाचा लेप देतात; तो वाळताना कापड आवळले जाते. उजव्या पंखाचे कापड त्यांनी बसवले, डाव्याचे त्यांच्या पत्नीने. घरात तेलुगू बोलणारे हे दांपत्य माझ्यासमोर भांडण मात्र मराठीत करी, बहुधा मला पंच धरून.

उडवण्याची परवानगी नव्हती. ती मागण्यापूर्वी विमान जमिनीवर सरळ धावते का, एवढेच पाहायला आम्ही मोहोळजवळच्या एका माळावर गेलो. ते स्वतः आत बसले. धावता धावता चाके जमिनीवरून सुटली. गुडघाभर उंचीवर विमान डावीकडे कलले आणि आदळत खाली आले. बरोबर आलेल्या नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची गाठोडी सोडली. ते मात्र उतरून एवढेच म्हणाले, “वाकडं उडालं ते उडालं न्हाय.”

घरी दोरा ताणून पाहिले, तेव्हा उजव्या पंखाची मागची कड खाली पिळलेली आढळली; त्यामुळे तो पंख जास्त उचलला जाऊन विमान डावीकडे कलले होते. मागावर उभे सूत जितके घट्ट, तितके कापड चांगले. त्याच सवयीच्या हाताने त्यांनी पंखाचे कापड आधीच ताणून बसवले होते. लेपाने ते आणखी आवळले आणि सांगाडा वाकला. पत्नीने उशीला अभ्रा घालावा तसे सैल घातले होते. डावा पंख बिनचूक होता.

“अख्खा जन्म ताणण्यात गेला. विमानाला तरी मोकळं सोडा की,” त्या म्हणाल्या.

ते हसले आणि हसता हसता खोकू लागले. कापसाच्या तुसाने छाती अधू झालेली. लेपाच्या वासाजवळ जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. विमान आता शोभेला ठेवावे, असे मी सुचवले. त्यांनी उजवा पंख उसवायला घेतला. लेप मात्र पत्नीने द्यायचा ठरला. ते रस्त्यावर खुर्ची टाकून बसत आणि दारातून सूचना देत. बहुतेक सूचना त्या ऐकत नसत; म्हणूनच काम चांगले झाले असावे.

लेपाचा शेवटचा हात राहिला असताना ते गेले.

काही दिवसांनी मी शेडमध्ये डोकावलो. त्या तोंडाला पदर बांधून पंखापाशी उभ्या होत्या. यजमानांचे विमान निदान एकदा तरी उडालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे, असे मी सांत्वनाखातर म्हणालो.

“वाकडं होतं ते, सर,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ब्रश लेपात बुडवला.