फरशीतलं प्रतिबिंब

पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत बसले होते. शेजारच्या बाईंनी मुलीच्या लग्नाचा फोटो आणला होता. त्यात मुलीशेजारी आपल्या वारलेल्या नवऱ्याला उभं करून हवं होतं. फोटोवाल्यानं केलं, पण ते अधांतरीच वाटत होते.

“फरशी गुळगुळीत आहे, प्रतिबिंब पडायला हवं,” म्हणत त्यानं त्यांचीच आकृती उलटी करून पायांना जोडली, मग हळूहळू पुसट करत नेली. आणि टेकले की ते जमिनीवर! माणूस इथं होता हे पटायला एवढं पुसटसं काही पुरतं, याचं मला नवल वाटत राहिलं.

बाईंनी मात्र वरच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. फरशीत विरत गेलेल्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “शेवटी शेवटी हे असेच दिसायचे.”